टेबलावर चालतो, खाडीवर तुटतो: टेलिमेट्री रेडिओची परत परत येणारी तक्रार

टाकीची पातळी दुरून पंपघराला कळवणारा रेडिओ म्हणजे टेलिमेट्री रेडिओ. त्याची तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते. "रेडिओ बंद पडलाय, टाकीची लेव्हल दिसत नाही." आपण जातो, रेडिओ काढून वर्कशॉपात आणतो, दुसऱ्या रेडिओशेजारी टेबलावर ठेवतो आणि दोन्हीचे हिरवे दिवे लगेच लागतात. रेडिओ चांगला आहे असं ठरतं. परत नेऊन बसवतो. आठवडाभरात पुन्हा फोन.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नळपाणी योजनांच्या रेडिओ लिंक बसवताना मी हे चक्र इतक्यांदा पाहिलंय की आता माझं मत पक्कं झालंय. दोन रेडिओ एका टेबलावर बोलले म्हणजे फक्त दोघांना वीज मिळतेय आणि दोघांचं सेटिंग एक आहे, एवढंच कळतं. लिंक टिकेल की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळायचं असेल तर साइटवर जितका क्षीण सिग्नल मिळणार आहे तितका टेबलावर करून दाखवावा लागतो, आणि मग तो आणखी क्षीण करत लिंक मुद्दाम तोडावी लागते. कुठे तुटली तो आकडा लिहून ठेवायचा. बाकी सगळं निदान त्या एका आकड्यावर उभं राहतं.

फरक किती मोठा आहे ते बघा. आपल्याकडे विनापरवाना चालणारा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा घेतला तर मोकळ्या हवेत १ मीटरवर सिग्नल सुमारे ३१ डीबीने घटतो, ३ मीटरवर ४१ डीबीने आणि ५ किलोमीटरवर १०५ डीबीने. (डीबी म्हणजे डेसिबल; दर १० डीबीला सिग्नल दहापट क्षीण होतो.) टेबल आणि साइट यांच्यात ६० ते ७० डीबीचं अंतर आहे, म्हणजे दहा लाखपट ते एक कोटीपट. शेजारच्या माणसाला आपलं बोलणं ऐकू आलं म्हणून ते डोंगरापलीकडेही ऐकू जाईल असं कोणी धरत नाही. उलट फुल पॉवरवर दोन अँटेना हातभर अंतरावर ठेवल्या तर समोरच्या रिसीव्हरचं इनपुट दडपून जातं, क्वचित जळतंही. त्यामुळे चांगला रेडिओही टेबलावर चुका दाखवू शकतो आणि आपण भलत्याच वाटेला लागतो.

देवगडकडची लिंक

देवगड तालुक्यातली एक योजना. विहीर आणि पंपघर खाडीच्या काठाला, टाकी पलीकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावर. मध्ये ५ किलोमीटर, आणि रेषा बराच वेळ खाडीच्या पाण्यावरून तिरकी जाते. एप्रिलमध्ये बसवली. महिना-दीड महिना एकही तक्रार नाही. जूनचा दुसरा आठवडा उजाडला आणि लिंक तुटायला लागली. सगळ्यांनी पावसाला दोष दिला. आम्ही रेडिओ तीनदा बदलला. तिन्ही वेळा जुना रेडिओ टेबलावर ठणठणीत निघाला.

पावसाला दोष देणं सोपं असतं, पण ८६६ मेगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य असते. पाऊस सिग्नल खायला लागतो तो साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर. या पट्ट्यात पाऊस नुकसान करतो ते आडवाटेने: कनेक्टरमध्ये पाणी शिरून आणि झाडांची पानं ओली करून. म्हणून "पावसामुळे" हे उत्तर ऐकलं की मी विचारतो, पावसातलं नेमकं काय?

वाट दाखवली ती पंपघरातल्या काकांनी. ते म्हणाले, "सायबानू, भरती इली काय ता बंद पडता." मी वही मागितली. लिंक गेल्याच्या वेळा त्यांनी इमानाने लिहिल्या होत्या, आणि दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकत होती. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आठवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वहीतल्या वेळा या हिशेबाला तंतोतंत नाही, पण अर्ध्या तासाच्या आत जुळत होत्या. साडेबारा तासांच्या अंतराने दुसरी नोंदही होतीच.

कारण असं. समोरच्या अँटेनाकडून सिग्नल थेट येतो, तसा पाण्यावर आपटूनही येतो. पाण्यावरून उसळलेला सिग्नल उलटा होतो. दोन वाटांच्या लांबीतला फरक बरोबर एका तरंगलांबीएवढा झाला की दोघं एकमेकांना खोडतात. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर. वाटांमधला फरक काढायचं सूत्र सोपं आहे: दोन्ही अँटेनांची पाण्यापासूनची उंची एकमेकींना गुणा, दुप्पट करा, अंतराने भागा. भरतीच्या वेळी सड्यावरची अँटेना पाण्यापासून ७० मीटर, पंपघराची साडेबारा मीटर, अंतर ५००० मीटर. उत्तर ३५ सेंटिमीटर. अगदी खड्ड्यात! पाणी अडीच मीटर उतरलं की दोन्ही उंच्या तेवढ्याने वाढतात, फरक साडेत्रेचाळीस सेंटिमीटर होतो आणि सिग्नल पुन्हा चढतो. आम्ही लिंक सुरू केली ती भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, आणि ओहोटीला. त्या वेळी मीटरवर छान आकडा दिसला, आणि आम्ही समाधानाने घरी आलो.

पण मग एप्रिल-मेमध्ये उधाणाच्या भरतीला का तुटली नाही? याच प्रश्नाने मला टेबलाकडे नीट बघायला लावलं.

टेबलावर खाडी आणायची कशी

अँटेना काढून टाका. दोन्ही रेडिओ कोअॅक्स केबलने जोडा आणि मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक डीबीने घटवणारा तुकडा, लावा. दोन्ही बाजूंना एकेक ३० डीबीचा, किमान ५ वॅट झेपणारा, न बदलणारा ॲटेन्युएटर, आणि त्यांच्यामध्ये पायरीपायरीने बदलणारा. दोन्ही टोकांचे रेडिओ पाळीपाळीने बोलतात, म्हणून जाड ॲटेन्युएटर दोन्हीकडे हवा. अर्ध्या वॅटचा नाजूक ॲटेन्युएटर थेट १ वॅटच्या रेडिओला लावला तर तो भाजून त्याची किंमत बदलते आणि पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

आता साइटचा हिशेब मांडा. रेडिओ ५०० मिलिवॅट म्हणजे २७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डीबी), दोन्हीकडे ९ डीबीआयची यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेली अँटेना, केबलमध्ये प्रत्येकी २ डीबी खर्च, हवेत १०५ डीबी. समोर पोहोचतात उणे ६४ डीबीएम. तर टेबलावर एकूण ९१ डीबी लावून रेडिओचा स्वतःचा आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलचा आकडा) उणे ६४ च्या आसपास दाखवतो का ते आधी तपासा. मग ३-३ डीबीने वाढवत जा. प्रत्येक पायरीवर किमान शंभर पोल (एका टोकाचा प्रश्न, दुसऱ्याचं उत्तर) होऊ द्या आणि किती हुकले ते लिहा. दिवा हिरवा आहे का, हे बघत बसू नका. लिंकचा दिवा लागलेला असतानाही डेटा गळत असतो.

इथे एक सापळा आहे, आणि तो न कळल्याने मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं चुकीचे आकडे लिहिले. ११०–१२० डीबी लावल्यावर रेडिओ केबलमधून बोलतच नाहीत. पेटीच्या फटीतून, पॉवर सप्लायच्या वायरीतून गळणारा सिग्नल हवेतूनच समोर पोहोचतो. ॲटेन्युएटर कितीही वाढवा, लिंक तुटतच नाही, आणि वाटतं वा, काय दणकट रेडिओ! ताडून बघायचं तर दोन्ही रेडिओंची केबल काढून तोंडाला ५० ओमचा डमी लोड लावा. तरीही ते बोलत राहिले तर गळती आहे. उपाय: एक रेडिओ पत्र्याच्या ट्रंकेत बॅटरीवर ठेवा, किंवा सरळ दुसऱ्या इमारतीत न्या. आमच्या वर्कशॉपात एक रेडिओ मागच्या जांभ्याच्या खोलीत ट्रंकेत असतो आणि केबल भिंतीतून येते.

माहितीपत्रकात आमच्या रेडिओची संवेदनशीलता उणे १०५ लिहिलेली होती. टेबलावर मॉडबसचे (यंत्रांच्या प्रश्नोत्तरांची ठरलेली भाषा) पोल उणे ९७ लाच हुकायला लागले. हे फसवं नाही. माहितीपत्रकातला आकडा बहुतेकदा सर्वांत कमी डेटा वेगाचा आणि ठरावीक चूक-प्रमाणाचा असतो, आपण चालवतो तो वेग वेगळा. म्हणून आपला आकडा आपणच काढायचा.

आता देवगडचं कोडं सुटलं. कागदावर उणे ६४ आणि तुटतं उणे ९७ ला, म्हणजे हाताशी ३३ डीबी. पंपघराच्या खांबावर ठेकेदाराने जाड केबलऐवजी १२ मीटर आरजी-५८ ही बारीक केबल टाकली होती. या फ्रिक्वेन्सीला ती मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते, त्यात ४ डीबी जादा गेले. रेषेत एका जुन्या आंब्याचा घेर येत होता, ८ डीबी गेले. झाले उणे ७६. भरतीचा खड्डा १२ डीबीचा, उणे ८८. मे महिन्यात एवढ्यावर भागत होतं, कारण अजून ९ डीबी शिल्लक होते. जूनमध्ये पानं ओली झाली, कनेक्टरमध्ये पाणी उतरलं, आणखी १० डीबी गेले. उणे ९८. तुटली, आणि फक्त भरतीलाच तुटली. यातलं एकही कारण एकट्याने लिंक पाडू शकत नव्हतं. म्हणून एकेक कारण तपासणाऱ्याला काहीच सापडत नव्हतं.

मी आता कुठलीही खाडी ओलांडणारी लिंक टेबलावर कागदी आकड्यापेक्षा ३० डीबी खाली तीन दिवस चालवतो. दर १० सेकंदांनी पोल म्हणजे दिवसाला ८६४०, तीन दिवसांत २५,९२०. शेकड्यात एकाहून जास्त हुकले तर रेडिओ बाहेर पडत नाही. डोंगराआडच्या, पाण्यावरून न जाणाऱ्या लिंकला २० डीबी पुरतात.

साइटवर गेल्यावर कुठे बोट ठेवायचं

आरएसएसआय दोन्ही टोकांना वाचा. एका टोकाला वाचून परत येणाऱ्यांची तक्रार कधी संपत नाही.

दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर दोष वाटेत आहे, किंवा केबल-अँटेनात. कारण अँटेना, केबल आणि हवा जाताना-येताना सारखंच खातात. एका दिशेला चांगला आणि उलट दिशेला कमी असेल तर ज्याचा सिग्नल समोर कमी पोहोचतो त्या रेडिओची पाठवायची पॉवर घसरलेली आहे, किंवा समोरच्याचा रिसीव्हर बिघडलाय. आणि दोन्हीकडे चांगला असूनही डेटा हुकत असेल तर एका टोकाला गोंगाट आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे.

गोंगाटाचं आपल्याकडचं ठळक कारण मोबाइल टॉवर. ८५० च्या पट्ट्यातले टॉवर ८६९ मेगाहर्ट्झपासून वर प्रक्षेपण करतात. आपला रेडिओ ८६५–८६७ वर ऐकतोय. दोन-तीन मेगाहर्ट्झच्या अंतरावर शेजारी ढोल वाजतोय आणि आपण कुजबूज ऐकायचा प्रयत्न करतोय. सड्यावरची टाकी ही उंच जागा, टॉवरही तिथेच उभा राहतो. अशा ठिकाणी यागीचं तोंड टॉवरपासून फिरवा, अँटेना टाकीच्या दुसऱ्या बाजूला न्या, आणि तरी भागलं नाही तर शेजारची फ्रिक्वेन्सी अडवणारा कॅव्हिटी फिल्टर लावा. फिल्टर साइटवर नेण्याआधी टेबलावर लावून त्याने आपलेच किती डीबी खाल्ले ते मोजा.

परदेशी बनावटीचा रेडिओ आला तर डबा उघडल्या उघडल्या फ्रिक्वेन्सी बघा. ९०२ ते ९२८ चं सेटिंग अमेरिकेतलं. भारतात त्यातल्या काही भागात मोबाइलची सेवा चालते, आपल्याला ती जागा मोकळी नाही. ८६५–८६८ मध्येही १ वॅट ट्रान्समीटर, ४ वॅट ईआरपी (अँटेनाचा लाभ धरून होणारी पॉवर) आणि २०० किलोहर्ट्झची मर्यादा आहे. लिंक चालेना म्हणून पॉवर चढवत नेणं हा उपाय नाही, आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची मान्यता नसलेला रेडिओ योजनेवर बसवूच नये.

पंप सुरू झाला की लिंक जाते, ही वेगळीच तक्रार. तिथे नव्वद टक्के वेळा रेडिओ निर्दोष असतो. व्हीएफडीची (पंपाचा वेग बदलणाऱ्या यंत्राची) केबल आणि रेडिओचा डेटा नेणारी आरएस-४८५ ची वायर एकाच ट्रेमधून गेलेली असते, शिल्ड दोन्ही टोकांना मातीला जोडलेली असते किंवा कुठेच नसते. पंप चालू असताना आरएसएसआय बघा. तो हलला नाही आणि पोल मात्र हुकले, तर रेडिओला हात लावू नका, वायर वेगळी करा.

केबल आणि कनेक्टर

कोकणात मी केबल साइटवर कधीच बनवत नाही. वाऱ्यात, खांबावर लटकून लावलेला एन कनेक्टर पहिल्या पावसाळ्यात पाणी पितो. वर्कशॉपात दोन्ही टोकं लावा, छोट्या नेटवर्क ॲनालायझरवर तपासा. केबलचं दुसरं टोक उघडं ठेवून रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती घटला ते) वाचला तर तो केबलच्या एकेरी घटीच्या दुप्पट येतो. ४ डीबी दिसले तर केबल २ डीबी खाते. हा आकडा केबलवरच लेबल लावून लिहा. पुढच्या वर्षी तीच केबल ३ डीबी खात असेल तर आत गंज चढलाय, हे खांबावर चढून अंदाज बांधण्यापेक्षा लवकर कळतं.

मग जोड बंद करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवा आणि सकाळी पुन्हा मोजा. लोकांना हे जास्तीचं वाटतं. मला वाटत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारं वारं असतं; एक बादली त्यापुढे काहीच नाही.

जोड बंद करताना आधी स्वतःत चिकटणारी रबरी टेप ताणून, तिच्यावर काळी पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, कौलं शाकारतो तसा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी फटीत न शिरता ओघळतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल पॅनेलमध्ये शिरण्याआधी खाली झोल द्या, पाणी तिथून ठिबकू दे. यागीच्या पोटाशी असलेलं निचऱ्याचं भोक खालीच राहिलं पाहिजे. उभी अँटेना आडवी केली की ते भोक बाजूला जातं, आणि हे हमखास विसरलं जातं.

मॉडबस आणि वेळेचं गणित

टेबलावर वायरने जोडलेला पीएलसी (पंप-टाकी सांभाळणारा छोटा संगणक) लगेच उत्तर देतो, म्हणून टाइमआउट २०० मिलिसेकंद ठेवलेला चालून जातो. मध्ये निरोप पुढे पाठवणारा रिपीटर आला, एखादा पॅकेट पुन्हा पाठवावा लागला की उत्तर सेकंदभराने येतं. तोवर प्रश्न विचारणाऱ्या मास्टरने ते हुकलं म्हणून पुढचा प्रश्न विचारलेला असतो, आणि जुनं उत्तर नव्या प्रश्नाच्या अंगावर येतं. टाइमआउट २ ते ३ सेकंद ठेवा. पाण्याची टाकी सेकंदात भरत नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मॉडबस आरटीयूत साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे निरोप संपला. ९६०० बॉडच्या वेगाला ही शांतता अवघी ४ मिलिसेकंद. रेडिओने लांब निरोपाचे दोन पॅकेट केले आणि पलीकडे बाहेर काढताना मध्ये ५ मिलिसेकंद गेले, की ऐकणारं यंत्र अर्धा निरोप फेकून देतं. लक्षण ठरलेलं आहे: दोन रजिस्टर (पीएलसीतले आकड्यांचे कप्पे) वाचली तर चालतं, चाळीस वाचली तर चालत नाही. सिग्नल कितीही चांगला असला तरी हेच. रेडिओच्या पॅकेटचा आकार वाढवा किंवा कमी रजिस्टर मागा.

विजेबद्दल थोडक्यात. टेबलावर सप्लाय १२ वरून १०.८ व्होल्टपर्यंत उतरवा आणि रेडिओ पाठवत असताना रीसेट होतो का बघा. सोलरच्या साइटवर पहाटे बॅटरी तिथेच असते. मग सगळे रेडिओ एकदम बंद करून एकदम चालू करा, वीस वेळा. आपल्याकडे वादळात लाइट तशीच येते-जाते.

देवगडला काय केलं

पंपघराचा खांब ३ मीटरने उंच केला. त्यामुळे भरतीला वाटांमधला फरक ३५ वरून सुमारे साडेत्रेचाळीस सेंटिमीटरवर गेला, खड्ड्यातून बाहेर, आणि अँटेना आंब्याच्या बऱ्याचशा घेराच्या वरही आली. आंब्याची एक फांदीसुद्धा तोडावी लागली नाही, बागायतदाराला ते बरं वाटलं. आरजी-५८ काढून एलएमआर-४०० च्या जाडीची केबल टाकली, कनेक्टर नव्याने लावले.

पॅनेलच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलाय. कागदी आकडा उणे ६४, टेबलावर तुटला उणे ९७ ला, दोन्ही केबलींची घट, बसवल्याची तिथी आणि त्या वेळची भरती-ओहोटी. खाली रिकामे रकाने आहेत. काका रोज सकाळी आणि पूर्ण भरतीला आरएसएसआय वाचून त्यात लिहितात. आषाढातल्या अमावास्येला, भर पावसात, साडेअकराच्या उधाणाला त्यांनी लिहिलेला आकडा उणे ६९ आहे.